पदरातले फ्यूज

कौसल्या,

तुझ्याबद्दल लिहिते आहे. आधीच सांगते, म्हणजे नंतर कुरकुर नको. "माझ्यात काय लिवण्यासारखं हाय?" असं तू म्हणणार, आणि त्या प्रश्नाचा मला कंटाळा आला आहे. आपल्या कळंबमध्ये तुझ्याइतक्या हट्टी बाया पुष्कळ असतील. पण आपण कुठं राहायचं याचा निकाल ओसरीवरच्या बटणावर लावणारी तू एकटीच. शिवाय तुझ्या दिरानं ही हकिगत गावभर सांगायला सुरुवात केली आहे, आणि दर वेळी शहाणा तोच ठरतो. तेव्हा काय झालं ते मी नीट सांगते. चुकलं तर बोल, पण शेवटपर्यंत वाचून मग.

तर, नवरा महिपती गेल्यापासून कौसल्या मळ्यातल्या घरात एकटीच असते. एकटी म्हणजे एक म्हैस, कोंबड्या आणि घरामागची भेंडी-वांगी यांच्यासकट. मुलगा दीपक बारामतीला कंपनीत नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. सून प्राची गुणाची. सासूला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. कौसल्येला सोसत नाही ते नेमकं हेच. मागं एकदा थोडे दिवस राहून आली तेव्हा म्हणाली, "सगळं चांगलं हाय गं तितं. बटणं बी सगळी घट्ट. मग मी करायचं काय दिवसभर?"

दीपक मात्र तिला न्यायला टपलेला. आला की घरात काहीतरी खोट काढायचा. कधी पायरी निसटलेली, कधी पत्रा वाजतो. मार्च महिन्यात त्याला ओसरीवरचं बटण सापडलं.

बोर्डाचे स्क्रू भिंतीत धरत नव्हते. बटण दाबलं की अख्खा बोर्ड हातात यायचा आणि आतून चर्र आवाज व्हायचा. कौसल्येनं त्याची सवय करून घेतली होती. डाव्या तळव्यानं बोर्ड भिंतीला दाबून धरायचा, उजव्या अंगठ्यानं बटण दाबायचं. तिला खटकायचं ते वेगळंच. तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे, तर तिचे दोन्ही हात बोर्डात अडकलेले. मान लववून भागवावं लागे.

दीपकनं सरळ जाऊन बटण दाबलं. ठिणगी उडाली.

"आई, हे काय आहे?"

"आधी डाव्या हातानं दाबून धरायचं असतं."

"घर आहे का सापळा? ते काही नाही. पुढच्या रविवारी मी येतो. तेव्हा हे हललं, तर बॅग भरायची आणि चलायचं. म्हशीचं आबाकाका बघतील."

"आन् न्हाय हललं तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

हे तो बिनधास्त बोलला, कारण आठवड्यात वायरमन मिळायचा नाही याची त्याला खात्री होती. खात्री खोटी नव्हती. वायरमन "बघतो मावशी" म्हणाला आणि फिरकलाच नाही. गुरुवारी कौसल्येनं नाद सोडला. घरातलं मेन पाडलं, स्टूल घेतलं आणि स्क्रू काढून बोर्ड भिंतीपासून सोडवला. भिंतीतली भोकं बोट जाईल एवढी झाली होती. बाभळीची खुंटी तासून ती पहिल्या भोकात ठोकायला गेली, आणि हात वायरीला लागला.

कोपरापर्यंत सणक गेली. ती स्टुलावरून निसटली ती भेंडीच्या क्रेटवर बसली.

मेन तर पाडलेलं. मग हे आलं कुठून? तेवढ्यात विहिरीवर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला आणि तिनं कपाळावर हात मारला. आपल्याकडं घराची लाईन वेगळी आणि शेतीची वेगळी. शेतीची येते ठरलेल्या वेळी, तेवढ्यात पाणी उरकायचं. घरची लाईट गेली तरी ओसरीवर उजेड असावा म्हणून महिपतीनं मोटारीच्या पेटीतून एक वायर आणून त्याच बोर्डात दुसरं बटण बसवलं होतं. तो गेल्यापासून ते बटण कुणी दाबलं नव्हतं. वायर मात्र तशीच होती, आणि शेतीची लाईट नुकतीच आली होती.

"जाताना सांगून जायचं एवढं तरी," ती फोटोतल्या नवऱ्याला म्हणाली आणि तरातरा विहिरीवर गेली. पेटीचा दांडा खाली ओढला, तिन्ही फ्यूज उपसले, पदराच्या शेवाला बांधून गाठ मारली आणि परत येऊन स्टुलावर चढली.

विहीर भावकीची, सामाईक. त्या दिवशी पाण्याची पाळी दिराची, आबासाहेबांची. पाटातलं पाणी तुटलं तसे ते चिखलाच्या पायांनी ओसरीवर हजर.

"वयनी, पेटीतलं फ्यूज कुणी नेलं?"

"मी. हायती पदरात."

"पदरात? माझा कांदा अर्धा भिजलाय!"

"बोर्ड बसंस्तवर गाठ सुटायची न्हाय."

आबासाहेबांनी तिच्याकडं निरखून बघितलं. "हात का चोळताय? शॉक बसला का काय?"

"न्हाय."

"बसला! थांबा, दीपकला फोन लावतो."

"लावा की. मग कांदा सुकला तर माझ्या दारात येऊ नगा."

आबासाहेबांनी खिशातून काढलेला फोन हातातच धरला. लाईट जायच्या आत पाणी पुरं करायचं होतं. फोन पुन्हा खिशात गेला.

"काय करायचंय ते लौकर करा."

"मोटारीची ती वायर पेटीतनं सोडवा. तवर मी भोकं भरते."

"आमच्या भावानं काय काय करून ठिवलंय!"

"वायर ओढताना शिडी तुमीच धरली होती, आबा."

ते बडबडत गेले आणि वायरीचं भेंडोळं गळ्यात घालूनच परत आले. मग त्यांनी बोर्ड धरला, कौसल्येनं स्क्रू पिळले. बाभळीनं गच्च धरलं. तिनं गाठ सोडून फ्यूज त्यांच्या हातावर ठेवले. चहालासुद्धा न थांबता आबासाहेब पळाले.

रविवारी दीपक आला तो रिकामी बॅग घेऊनच. बूट न काढता बटणाकडं गेला. दाबलं. अंगठ्यानं बोर्ड रेटला, मग नखं घालून ओढून बघितला. ढिम्म हलला नाही.

"कुणी केलं?"

"मी."

ओसरीवर आबासाहेब बसले होते. त्यांच्या पोटात काही राहत नाही. "अरं दीपक, त्या दिवशी वयनींना—"

कौसल्येनं पदराचा शेव हातात घेतला आणि सावकाश एक गाठ मारली. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांची पाळी होती.

"—वयनींना म्हणलं मी, च्या टाका. तर टाकलाच न्हाय."

दीपकनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. संध्याकाळी निघायच्या वेळी कौसल्येनं एका बोटानं दिवा लावला आणि हात जोडले. दीपकनंही जोडले. बॅगेत भेंडी आणि वांगी भरून तो बारामतीला गेला.

आता आपलं दोघींचं काम. त्या बोर्डाचा कोपरा उडालेला आहे आणि महिपतीचं दुसरं बटण नुसतं शोभेला. बारामतीला जाऊन नवा बोर्ड आणायचं आपण ठरवलं होतं. एकदा तुझी म्हैस आडवी आली, एकदा भेंडीचा तोडा, एकदा म्हणे पाहुणे. मला काय कळत नाही? बारामतीला गेलं की दीपककडं जावं लागणार, प्राची "राहा आता" म्हणणार, आणि तिथं पदरात बांधायला तुझ्याजवळ काही नाही. दुकानदारानं बोर्ड बाजूला काढून ठेवला होता. परवा फोन केला तर म्हणाला, "बाई, किती दिवस ठेवू? विकला तो."