दयाळू म्हाताऱ्याचं काम

माझे केस तिशीतच पांढरे झाले. या एकाच गुणावर मला दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात दयाळू म्हाताऱ्याचं काम मिळालं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, मी अडतीस वर्षांचा होतो. बायको आणि मुलीबरोबर करामा भागात राहायचो आणि देऱ्यातल्या एका ऑफिसात बसून इमारतींच्या पाइपलाइनची ड्रॉइंग काढायचो. अभिनयाचा अनुभव म्हणाल तर बॉससमोर आजारी पडण्याइतकाच.

नाटक बसवणाऱ्या वहिनी इंग्रजी साहित्यात एम.ए. होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे त्या डिग्रीला इथे कोणी विचारत नव्हतं. त्याचा सूड म्हणून त्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक जाडजूड कादंबरी दोन अंकांत कोंबली होती. अनाथ पोरगा, थंडी, उपासमार, दुष्ट माणसं, आणि शेवटी एक सधन म्हातारा त्याला आपल्या घरी नेतो. म्हातारा एवढा दयाळू का, याचा उलगडा मूळ पुस्तकात बऱ्याच पानांनंतर होतो म्हणे. आमच्याकडे हॉल तीनच तास मिळणार होता, त्यामुळे माझा म्हातारा पडदा उघडल्यापासूनच दयाळू होता.

अडचण अनाथाची होती. मंडळातल्या मुलांना मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. त्यांच्यातला कोणी उभा केला असता तर उपाशी पोरगा 'आय ॲम नॉट हंग्री, आंटी' म्हणाला असता. गणपतीच्या आरतीला लेबर कॅम्पवरून काही लोक बसने आले होते. त्यांच्यात वहिनींना एक पाइपफिटर दिसला. पोलादपूरकडचा, चोवीस वर्षांचा, पण उंचीने माझ्या खांद्याच्याही खाली आणि चेहरा शाळकरी पोरासारखा. हातात प्रसादाचा द्रोण होता. वहिनींनी त्याला तिथेच अनाथ करून टाकलं. पुढे कळलं की तो खरोखरच अनाथ होता. वहिनींना याचा फार आनंद झाला.

तालमी शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी वहिनींच्या घरच्या हॉलमध्ये व्हायच्या. फिटरला शहराबाहेर सोनापूरच्या कॅम्पवरून आणायचं आणि परत सोडायचं काम मी आपण होऊन घेतलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. गाडीत एसी लावून द्यावा, वाटेत मलबारी हॉटेलातला चहा पाजावा, त्याने नको म्हटलं तरी समोसा घ्यायला लावावा. एकदा मी माझे जुने शर्ट इस्त्री करून त्याला दिले. पुढच्या शुक्रवारी तो स्वतःचाच शर्ट घालून आला. मी घरी येऊन कुरकुर केली, तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, यू आर नॉट काइंड. यू ओन्ली लुक काइंड." बायको हसत स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शेवटचा प्रवेश माझा लाडका होता. पोरगा रडत माझ्या पायांवर पडतो, 'तुम्ही माझे देव आहात' म्हणतो, मी हात उंचावून आशीर्वाद देतो आणि डोळे पुसतो. फिटर बाकी सगळं झकास करायचा, पण इथे आला की अडायचा. एकदा त्याने वहिनींना विचारलं की हा म्हातारा पोराला घरी नेतो तरी कशासाठी. दया येते म्हणून, असं वहिनींनी सांगितलं. त्यावर तो म्हणाला की मग पाया पडायचं काय कारण, दया आली ती म्हाताऱ्याला. वहिनींनी त्याला समजावलं की साऱ्या गोष्टीचा जीव त्या नमस्कारात आहे. मीही मान डोलावली. तो प्रवेश कापला असता तर माझं डोळे पुसणं गेलं असतं.

परतताना गाडीत त्याने सांगितलं. आईवडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मामाने घरी नेलं.

"मारलं नाही हो कधी," तो म्हणाला. "जेवायला पण पोटभर दिलं. फक्त कोणी पाहुणा आला की मला हाक मारायचे. पाया पडायला. पाहुण्याच्या नाही, मामाच्या. मग पाहुणा म्हणायचा, देवमाणूस आहात."

यावर मला जे जमतं तेच मी केलं, म्हणजे आणखी दयाळू झालो. तुला काही हवं असेल तर संकोच करू नकोस, असं अगदी नाटकातल्या आवाजात म्हणालो. माझी अपेक्षा मोबाइल, निदान चांगले बूट. तो म्हणाला, "ड्रॉइंग वाचायला शिकवाल का? साइटवर फोरमन वाचतो आणि आम्ही आंधळ्यासारखे पाइप कापतो."

त्यानंतर तालीम संपली की आम्ही दोघं माझ्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसू लागलो. तो वहीत चिन्हं उतरवायचा. महिनाभरात माझ्याच एका ड्रॉइंगवर बोट ठेवून त्याने विचारलं, इथे व्हॉल्व्ह बसवलाय, पण पाना फिरवायला हात कुठून घालायचा? मी पाहिलं. हात जायला जागाच नव्हती. पंधरा वर्षं मी कागदावर व्हॉल्व्ह बसवत आलो होतो आणि ते कोणाला तरी हाताने आवळावे लागतात हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सोमवारी मी ती चूक स्वतःच्या नावावर सुधारून घेतली आणि बॉसने पाठ थोपटली. हे मी फिटरला सांगितलं नाही.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. लोकरी कोट, गोंदाने चिकटवलेली दाढी, पुठ्ठ्याची उंच टोपी. मागच्या रांगा कॅम्पवरच्या लोकांनी भरल्या होत्या. सगळं सुरळीत चाललं. शेवटचा प्रवेश आला. फिटर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी हात उंचावला. तो उभाच. विंगेतून वहिनी "पड, पड" म्हणाल्या, ते चौथ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग त्याने सावकाश आपला उजवा हात पुढे केला. शेकहँडसाठी.

माझा हात वर तसाच, ट्रॅफिक पोलिसासारखा. तो खाली आणायला मला फार वेळ लागला. शेवटी मी हात मिळवला. तो म्हणाला, "चला, भूक लागलीय." लोक हसले आणि मग टाळ्या सुरू झाल्या. मागून शिट्ट्या आल्या. माझी अर्धी दाढी सुटून कोटावर लोंबत होती, डोळे पुसायची संधी तर गेलीच.

मला राग आला होता. परतताना मी चहाला गाडी थांबवली नाही. कॅम्पच्या वळणाजवळ त्याने विचारलं, रागावलात का? मी नाही म्हणालो. पुढच्या सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणालो, हो, रागावलोय.

"तुमच्यावर काही नाही माझं," तो म्हणाला. "मी आता कोणाच्याच पाया पडत नाही."

मला वाटलं आता हा काही यायचा नाही. पुढच्या शुक्रवारी तालीम नव्हती, तरी तो दोन बस बदलून वही घेऊन आला. टेबलाशी बसला आणि मागचा धडा अर्धा राहिलाय म्हणाला. बायकोने त्या दिवशी माझ्याआधी त्याला वाढलं.

वहिनी माझ्याशीच वर्षभर बोलल्या नाहीत. त्याला काय बोलणार, तो बिचारा अनाथ. पुढच्या नाटकात मला कोर्टातल्या शिपायाचं काम दिलं, तोंडी एकच वाक्य. फिटर सहा-सात महिन्यांनी कंपनीच्या परीक्षेत पास झाला आणि पुढे लांब रुवैसच्या रिफायनरीच्या साइटवर फोरमन होऊन गेला. दोन हजार सालानंतर लग्न केलं, बायकोला आणलं. मामाच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं त्याने करवून घेतली आणि वाडीत कोणाला सांगितलं नाही, हे मला त्याच्या गावच्या एका ड्रायव्हरकडून समजलं.

एके सकाळी त्याचा ऑफिसात फोन आला. वाफेच्या लाइनच्या ड्रॉइंगवर एक चिन्ह होतं, त्याचा अर्थ त्याला लागत नव्हता. त्याने वर्णन करून सांगितलं. मलाही लागेना. तसं मी म्हणालो. मग मी इथल्या फिलिपिनो इंजिनिअरला विचारतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मी मात्र कपाटातल्या साऱ्या फायली काढून दुपारपर्यंत ते चिन्ह शोधत बसलो. सापडलं तेव्हा घाईघाईने रुवैसला फोन लावला. त्याला ते दहा मिनिटांत कळलं होतं आणि पाइप बसवूनही झाला होता.