बहिरूच्या मशीनची वायर

बहिरूनं वेल्डिंगच्या टॉर्चचा घोडा दाबला. मशीन घरघरलं, वायर दोन बोटं भाईर आली, थुकल्यासारखी एक ठिणगी टाकली आन थांबली. परत दाबला, परत तेच. तिसऱ्यांदा दाबला तवा मशीनच्या पोटात कायतरी कचकचलं. झाकण उघडून बघतोय तर वायर ढकलणाऱ्या रोलरच्या तोंडाशी वायरचा हा गुंता. पाखरानं घरटं बांधावं तसा.

"तुज्या आयला तुज्या," बहिरू म्हणला. मशीनलाच म्हणला. सकाळपासनं तो दुसऱ्या कुणाशी धड बोललाच नव्हता.

पकडीनं गुंता कापला, वायर परत ओवली, परत घोडा दाबला. हात दीड हात गेली आन परत घरटं.

काम असं व्हतं की उद्यावर ढकलता येत नव्हतं. परवा पहाटं बिबट्यानं वाड्यातनं दोन कोकरं नेली. मेंढरांचा वाडा म्हंजे काय, काट्याचं कुंपण, आतनं जाळं, आन दाराच्या जागी बोराटीची फांदी. बहिरूनं काल सगळ्या कुंपणाला लोखंडी जाळी मारली. राहिलं फक्त दार. त्याचे दोन कोपरे आन दोन बिजागऱ्या जोडायच्या बाकी. त्याची बायको सुंदरा मेंढरं घेऊन डोंगराला गेलीवती, दिवस बुडताना येणार. तवर दार बसलं न्हाई तर चाळीस मेंढरं परत बोराटीच्या फांदीच्या भरवशावर. आन बिबट्याला आता वाट पाठ झालीवती.

बहिरू तसा कच्चा गडी न्हाई. बारा वर्षं भूगावात बंगल्यांना ग्रील करत व्हता. तिथल्या निम्म्या बाल्कन्यांना त्याचा हात लागलाय. आतली माणसं त्याला नावानं वळखत न्हाईत, ते जाऊ द्या. दोन वर्षांमागं बाप गेला, मेंढरं बघायला कुणी उरलं न्हाई, म्हणून बहिरू आपल्या गावी, मुठ्याला, माघारी आला. येताना हे मिग मशीन घेऊन आला. पातळ पायपाला रॉडची वेल्डिंग केली की भोक पडतं. मिगमधी बारीक वायर आपोआप टॉर्चमधनं येत राहती, आपण घोडा दाबायचा आन जोडत जायचं. असं दुकानवाला म्हणलावता.

"काय बहिरू," शेडाच्या दारातनं आवाज आला. "सकाळी बघितलं तवा दोन कोपरं राहिलेलं. आता बी दोनच हायेत. वाढलं न्हाईत हे नशीब."

हे हैबतराव. शेजारचे. रस्त्याकडची जमीन इकली, राहिलेल्या जागेत खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. तवापासनं दुसऱ्याच्या कामावर देखरेख हाच त्यांचा धंदा.

"वायर अडकतिया," बहिरू म्हणला.

"मग रोलर आवळ की. सैल झाला आसंल."

बहिरूला म्हाईत व्हतं की नुसतं आवळून भागत न्हाई. तरी माणूस कावला की ऐकतो. आवळला. रोलर वायरला जास्तच जोरानं ढकलाय लागला, पुढं वाट न्हाई, मग घरटं आदीपेक्षा मोठं.

"आता सैल कर," हैबतराव म्हणले.

बहिरूनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. हैबतराव उलट्या बादलीवर बसले.

मग बहिरूनं टॉर्चची टीप, म्हंजे वायर भाईर येती ती तोटी, बदलली. जुन्या टीपंचं भोक वितळून बसलं आसंल म्हणून. नव्यानं बी तेच. केबल वेटोळं करून पडलीवती, ती अंगणभर सरळ केली. वायरची रीळ जड फिरतिया का बघितली, तर ती बोटानं फिरत व्हती. रोलरची खाच वायरच्या मापाचीच व्हती. सगळं बरुबर, आन वायर काय येईना. ऊन शेडाच्या पत्र्यावरनं उतरून मागल्या भिताडावर गेलं.

"बहिरू, भाकर खाऊन घे रं," त्याची आई रंभाबाई अंगणातनंच म्हणली. शेडाच्या दारापास्नं चार पावलं लांब उभी व्हती, हातात ताट.

"खातो."

"मगाधरनं खातोच म्हणतुयास."

"आये, खातो म्हणलं ना."

ताट चुलीपाशी माघारी गेलं.

आता एकच गोष्ट राहिलीवती. लायनर. केबलीच्या आत स्प्रिंगसारखी लांब नळी आसती, तिच्यातनं वायर पळती. बहिरूनं ती सगळी उपसून काढली आन फरशीवर आपटली. तोंडातनं पिवळा चिखल पडला. चिकट, तेलकट. बहिरूनं बोटाला घेतला, वास घेतला. हळद.

भंडारा व्हता तो. खंडोबाचा.

बहिरू तसाच पिवळं बोट घेऊन अंगणात गेला. रंभाबाई सुपात तांदूळ निवडत व्हती.

"आये, मशीनीत भंडारा कुणी टाकला?"

रंभाबाईचा हात थांबला. तिनं एकदा डोंगराकडं बघितलं, मग सुपात.

"मी टाकला."

"कशापायी?"

"इस्तवाशी खेळतुयास रोज. देवाचं राखण आसावं."

"आगं, मशीन हाय का पालखी हाय ती? तेल बी वतलंस वर. सकाळपासनं मरतुया मी हितं. आज कोकरं गेली ना, तर बिबट्यानं न्हाई, तुज्या भंडाऱ्यानं गेली म्हणायची."

हैबतरावांनी सुदिक मान खाली घातली. रंभाबाईनं तांदळातला एक खडा काढला, लांब टाकला.

"पुन्यांदा न्हाई टाकायची," ती म्हणली.

बहिरूनं मोटरसायकलचं पेट्रोल बाटलीत काढलं आन लायनर धुतला. पण आतला गाळ फुकून निघंना. हैबतराव उठून गेले ते परत येतील असं वाटलं न्हाई. आले तर हातात पोराच्या गाडीचा हवा भरायचा पंप.

"धर. पोराला सांगू नगो."

हवा मारली तसं पिवळं पाणी उडालं, मग फिकं, मग निवळ. लायनर उन्हात पार सुकू दिला. रोलरची खाच फडक्यानं पुसली. भंडारा लागलेली दोन हात वायर कापून टाकून दिली. मग बहिरूनं वायर ओवली, हातमोज्यात धरून दाबली आन घोडा ओढला. वायर रोखली की रोलर नुसता घसरत व्हता, घरटं करत नव्हता. बरुबर आवळणं म्हंजे इतकंच, जास्त न्हाई.

चर्रर्र. गरम तव्यावर पाणी पडावं तसा सारखा, न तुटणारा आवाज. एक कोपरा झाला. दुसरा झाला. बिजागऱ्या लावताना डोंगराच्या वळणावर मेंढरांच्या घंटा वाजाय लागल्यावत्या. दार उचलाय हैबतरावांनी एक बाजू धरली, कण्हत का व्हईना.

सुंदरा मेंढरं घेऊन आली तवा दार उभं व्हतं. एक एक मेंढरू आत गेलं. कडी लागली.

बहिरूनं चुलीपासलं ताट घेतलं आन रंभाबाईच्या म्होरं बसून गार भाकर खाल्ली. माफी बिफी तो कधी मागत न्हाई. दुसरी भाकर मागितली, तिनं दिली. दुसऱ्या दिशी सकाळी दाराभाईर मातीत बिबट्याचे पंजे उमटलेवते. आत चाळीसच्या चाळीस.

पुढं चंपाषष्ठीला घरी भंडारा उधळताना सुंदराला रडू फुटलं आन तिनंच सांगितलं. गणपतीच्या दिवसात वेल्डिंगनं बहिरूचं डोळं सुजलेवतं, दोन दिवस त्याला दिसंना. तवापासनं दर ऐतवारी ती वायर आत जाती त्या भोकात चिमूटभर भंडारा आन थेंबभर तेल सोडायची. दार बसलं त्याच सांजला, झालेलं कळल्यावर, ती बहिरूला सांगाय निघालीवती. रंभाबाईनं हात धरून बसवली. म्हणली, "तुला बोलला तर तू म्हायेरी जाशील. मला बोलला तर मी कुटं जाणार हाय."

रंभाबाईनं त्या शेडात आजपातूर पाय ठेवलेला न्हाई. तिला करंटाचं भ्या वाटतं.