मोकळ्या जागेतला नंबर

तक्रारदार : मी, तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसणारा अर्जलेखक. जिच्याविरुद्ध : समोरच्या गाळ्यात ऑनलाइन अर्ज भरून देणारी बाई, वय पस्तिशीचे, राहणार सोलापूर. काळ : गेला उन्हाळा. साक्षीदार : शेजारचा झेरॉक्सवाला आणि वळसंगच्या सिद्धव्वा. बाईचे नाव मुद्दामच लिहीत नाही. कचेरीत ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांनी तिला ओळखलेच असेल. "एकदा भरा, सगळीकडं जातंय की," असे म्हणत टेबलाच्या काचेवर पेनाचे टोपण वाजवणारी, तीच.

ते टोपण मला पहिल्या दिवसापासून खुपत होते.

तिची पद्धत अशी. पक्षकाराचे नाव, गाव, गट नंबर आणि मोबाइल एवढेच ती विचारी. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पोच यांचे साचे संगणकात तयार असत आणि त्यांत मोकळ्या जागा ठेवलेल्या असत. नाव एकदा भरले की ते सर्व कागदांत आपोआप बसे, अर्ज आपोआप पुढे जाई, आणि सुनावणीची तारीख लागली की पक्षकाराच्या मोबाइलवर संदेशही आपोआप जाई. त्या मोकळ्या जागांना ती व्हेरिएबल म्हणे.

"माणसागणिक बदलतंय ते व्हेरिएबल, काका. बाकीचं तसंच ऱ्हातंय."

"आणि माणसाचं गाऱ्हाणं? ते बदलत नाही?"

"त्येला पण एक व्हेरिएबल हाय की. दोन ओळींचं."

झेरॉक्सवाला हसला. मी हसलो नाही. आयुष्यभराची पीडा दोन ओळींत कोंबणाऱ्या बाईशी माझे जमणे शक्य नव्हते. भर दुपारी ती मला ताक पाठवी. ते मी पीत असे, कारण ताकाशी माझे भांडण नव्हते.

सिद्धव्वांच्या शेताची वाट शेजाऱ्याने चर खणून बंद केली होती. पेरणी तोंडावर आली होती आणि बैलगाडी बांधापर्यंत जात नव्हती. अर्ज ऑनलाइनच घेणार, असे कचेरीने सांगितल्यामुळे त्या माझ्यासमोरून समोरच्या गाळ्यात गेल्या. त्यांच्याकडे मोबाइल नाही. ती जागा मोकळी राहिली.

पुढे त्या चौकशीला आल्या, तेव्हा प्रकरण निकाली निघाले होते. शेरा होता : अर्जदार गैरहजर. संदेश मिळाला नव्हता, आणि कचेरीने घरी पाठवायची कागदी नोटीसही आली नव्हती.

मी त्यांना घेऊन थेट गाळ्यात शिरलो. बाईने संगणक पाहिला, मग स्वतःचा फोन पाहिला, आणि टोपण वाजायचे थांबले. मोबाइलची जागा रिकामी असली की पुढची सगळी कामे अडून बसत. म्हणून तिने तजवीज करून ठेवली होती की, जागा रिकामी दिसल्यास संगणकाने तिचा स्वतःचा नंबर घ्यावा. सुनावणीचा संदेश तिच्याच फोनवर येऊन, न वाचलेल्या ढिगात पडला होता.

"अर्ज मी केला, अन् बोलावणं तुला आलं व्हय गं?" सिद्धव्वांनी विचारले.

तिने फोन काचेवर पालथा ठेवला. "मोकळी जागा दिसली की स्वतःला घुसवायचं, ही कुठली विद्या?" हे मी आवारभर ऐकू जाईल असे विचारले.

तिने शटर ओढले. पळते, असे मला वाटले. ती लिंबाखाली येऊन माझ्यासमोर पक्षकाराच्या स्टुलावर बसली.

"काका, फाइल परत उघडायचा अर्ज लिवा. चूक माझी, असं लिवा."

"का? संगणकात साचा नाही याचा?"

"न्हाय. आन् मऊ लिवू नका. मऊ लिवलं तर ह्यांची फाइल उघडायची न्हाय."

मी मऊ लिहिले नाही. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, अक्षम्य हे तिन्ही शब्द घातले. तिने पूर्ण वाचून सही केली. खाली सिद्धव्वांचा अंगठा घेतला.

त्या कागदाने प्रकरण पुन्हा चालले आणि वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. त्याच कागदाच्या आधारे तिची ऑनलाइन अर्ज भरण्याची परवानगी रद्द झाली. संगणक रिक्षात ठेवताना ती मला म्हणाली, "आता नंबर नसला की अडू द्यायचं, काका. माणसाला इचारल्याबिगर पुढं जात न्हाय, असं करून ठिवलंय." मी "बरं" म्हणालो. आता ती नातेपुत्याला असते म्हणतात, खात्री नाही.

सबब माननीय साहेबांस विनंती की, सिद्धव्वांची कागदी नोटीस ज्याने पाठवायची होती, त्याने काहीच कबूल केले नाही आणि तो आपल्या खुर्चीवर आहे. जिने कबूल केले, तिचा गाळा बंद आहे. हे कोणत्या नियमाने झाले, त्याचे लेखी उत्तर मिळावे व तिची परवानगी तिला परत द्यावी. अर्जदाराचा तिच्यावरील राग कायम आहे. तो या विनंतीच्या आड आणू नये.