मोहलाडूचं नाव कुणाच्या खात्यात

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या शामकलेनं लाडवांसाठी वेबसाइट काढली, तेव्हा गावानं तिची थट्टाच केली. मोहफूल म्हटलं की लोकांना दारूच आठवते. ती मात्र फुलं वाळवून, भाजून, तीळ-गूळ घालून लाडू वळायची आणि नागपूर-पुण्याची माणसं ते मागवायची. 'मोहलाडू' हे नाव तिनंच सुचवलेलं. वेबसाइट बनवली गोंदियातल्या इंद्रकुमारनं.

"मावशी, ओटीपी तर येतच राहतील. माझाच नंबर टाकतो, आपको क्यों तकलीफ?" असं तो म्हणाला होता. शामकलेनं मान डोलावली.

काही दिवस बरे गेले. मग मागण्या एकाएकी आटल्या. त्यातच एक जुनी गिऱ्हाईक बाई फोनवर तिच्यावर फणफणली, "लाडू आहेत की साखरेचे गोळे?" शामकलेनं तर तिला हल्ली काही पाठवलंच नव्हतं. तिनं वेबसाइट उघडून पाहिली. फोटोत लाडू वळणारे गोंदलेले हात तिचेच होते. खाली नंबर मात्र इंद्रकुमारच्या मेहुण्याचा.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात जाऊन थडकली.

"माह्या नावावर दुसऱ्याचे लाडू कायले विकून राहिला?"

इंद्रकुमारनं मानही वर केली नाही. "आपका नाम? डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, माझ्या खात्यात आहे, मावशी. पाहिजे तर विकत घ्या. रेट सांगतो."

"माही वस्तू मलेच विकतो का रे?"

"चिल्लाओ मत. गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे. त्यालेबी आयकू दे!"

गिऱ्हाईक उठून गेलं. इंद्रकुमारनं तिला बाहेर काढून शटर ओढलं. शामकला बंद शटरवर थुंकली आणि निघाली.

गोंदियाजवळच्या कुडव्यात रुची नावाची बाई ऑनलाइन कामं करून द्यायची. तिनं नोंदणी उघडून पाहिली. "ताई, असं नाव कायमचं विकत मिळत नाही. मुदतीसाठी घ्यायचं आणि पैसे भरून राखायचं. नोंदणीत ज्याचं नाव, मालक तोच."

"मंग चोरच मालक झाला म्हण ना!"

"कागदावर झाला. तक्रार करता येते, पण नाव तुमचं होतं हे शाबीत करावं लागेल. कुठं काही लिहून घेतलंय?"

नव्हतं घेतलं. शामकलेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हात तं माहेच आहेत ना?" तिनं विचारलं.

रुचीनं त्यावरच बोट ठेवलं. वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, तिच्याकडे फोटोची तक्रार गेली आणि फोटो उतरला. नाव तेवढं उतरलं नाही. मग शामकलेनं दुसरं नाव घेतलं. या वेळी नंबर आपला दिला, ओटीपी आपल्या हातानं दाबला आणि पासवर्ड टाकताना रुचीलाही तोंड फिरवायला लावलं.

महाशिवरात्रीच्या जत्रेत तिनं दुकान मांडून वर फलक टांगला : 'जुन्या वेबसाइटचे लाडू माझे नाहीत. तिचा मालक गोंदियाचा इंद्रकुमार आहे.'

कुणीतरी त्याला फोटो पाठवला असावा. दुपारी तो तणतणत आला. "बोर्ड हटाओ! बदनामी करताय माझी."

"का खोटं लिवलं? वाच ना मोठ्यानं."

"केस टाकीन."

"टाक. कोर्टातबी हेच सांगीन, मालक हाच आहे म्हणून. आता मालक व्हाले लाज वाटते काय?"

भोवती माणसं जमली. एकानं खरंच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. इंद्रकुमारनं फलकाला हात घातला, तशी शामकलेनं तराजूची दांडी उचलली. तो मागं सरला आणि शिव्या देत गर्दीतून निघून गेला.

केस काही आली नाही. जुनं नाव त्यानं दरवेळी पैसे भरून अजून धरून ठेवलंय, तिला मिळू नये एवढ्याचसाठी. काही गिऱ्हाइकं परत आली, बरीच आली नाहीत. गावातल्या चार शहाण्यांनी समेटाची गोष्ट काढली, तेव्हा शामकलेनं त्यांच्यापुढचा चहाच उचलून नेला.