पुलापलीकडचा पक्षकार

पैनगंगेपाशी आमचा जिल्हा संपतो. माझा एक पक्षकार वर्षभर नदीच्या पलीकडे बहिणीच्या घरी राहिला, कारण त्याला यवतमाळ जिल्ह्यातून तडीपार केलं होतं.

महागावकडचा मोटारसायकल मेकॅनिक. मोहल्ल्यात नळाला पाणी येईना म्हणून त्याने दोनदा लोकांना घेऊन मोर्चा काढला. दोन्ही वेळा गुन्हा नोंदला गेला. ते गुन्हे आणि नाव न सांगितलेल्या दोन साक्षीदारांचे जबाब, एवढ्यावर आदेश निघाला. या माणसाची लोकांना दहशत वाटते, असं त्यात लिहिलं होतं.

जिल्हा सोडण्याआधी माझ्या पुसदच्या ऑफिसात पहिल्यांदा आला तेव्हा कपड्यांचं ऑइल खुर्चीला लागेल म्हणून तो उभाच राहिला.

"मॅडम, पानी मांगनं गुन्हा आहे काय?"

"नाही. घटनेनेच दिलेला हक्क आहे तो," मी म्हणाले. मग त्याला कलमंही सांगितली. सांगताना मला फार बरं वाटलं होतं, हे आता आठवलं की ओशाळायला होतं.

आदेशाविरुद्धचं अपील फेटाळलं गेलं, तेव्हा आम्ही नागपूरला उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. प्रत्येक तारखेला मी पहाटेची एसटी पकडायचे. बोर्डावर आमचा नंबर खालीच असायचा, तिथवर येईपर्यंत कोर्ट उठायचं. एकदा सरकारी वकिलांनी मुदत मागितली, एकदा बेंच बदललं. संध्याकाळी बसमधून त्याला फोन करायचा, "पुढची तारीख मिळाली." तो "ठीक आहे मॅडम" म्हणायचा. चिडला असता तर बरं झालं असतं.

पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या आईने अंथरूण धरलं. भेटायला दोन दिवसांची परवानगी मिळावी म्हणून मी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं. अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला होता, तो आला नव्हता. चौकशीला गेले की क्लार्क नम्रपणे तेवढंच सांगायचा.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, अम्मी गेली."

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मी पुलावर उभा हाव. आज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर दफन करून राह्यले. मले फक्त मिट्टी द्याची आहे. येऊ काय?"

मी म्हणाले, "दहा मिनिटं थांबा."

त्या अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी उचललाही. म्हणाले, "मॅडम, वाईट झालं. पण आज सुट्टी आहे. उद्या अर्ज द्या, मी लगेच बघतो."

"साहेब, उद्या काय उपयोग?"

"लेखी परवानगीशिवाय मी काय सांगू?"

नागपूरच्या दोन ज्येष्ठ वकिलांना विचारलं. दोघांनीही सांगितलं, आला तर अटक होईल आणि याचिकाही कमजोर होईल. हे मलाही ठाऊक होतं. तरी कोणीतरी वेगळं सांगेल म्हणून विचारत होते.

मी त्याला फोन केला. "येऊ नका."

पुलावरच्या ट्रकच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही, मला ते पुन्हा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "तुम्ही म्हनता तर नाही येत."

दुपारी मी त्याच्या घरी गेले. बायकांमध्ये बसले. जनाजा उठला तेव्हा त्याच्या भावाने फोनवर त्याला ते दाखवलं. त्याच्या बायकोने मला विचारलं, "आप तो वकील हैं ना?" टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मला काहीतरी करता येत असेल.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचा नंबर लागला. तोवर आदेशाची मुदत संपून गेली होती. ही बेकायदा हद्दपारी होती, मुदत संपली तरी त्यावर निर्णय द्यावा, असं मी सांगू लागले. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आता यात काय उरलंय?" याचिका निकाली निघाली.

निकालाची प्रत घ्यायला तो ऑफिसात आला. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मराठीत सांगत गेले. एकच परिच्छेद होता.

"म्हंजे तो आदेश बरोबर होता का चूक?" त्याने विचारलं.

"ते कोर्टाने सांगितलं नाही."

"मंग कोन सांगन?"

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून की काय, माझ्या स्कूटीला काही आवाज येतो का, ते विचारलं.