एक त्रस्त प्रवासी

सकाळी दौंडहून पुण्याला निघालेली शटल आमच्या हॉल्टवर मिनिटभर थांबायची. हॉल्ट म्हणजे पत्र्याची एक खोली, एक बाभूळ आणि तिकिटं देणारे आप्पा. आप्पा रेल्वेचे नोकर नव्हते. गावातलेच, कमिशनवर तिकिटं विकायचे. तिकिटाबरोबर प्रत्येकाच्या म्हशीची नि सुनेची चौकशी व्हायची. खिडकीशी माणूस दिसला की गार्ड झेंडी दाखवत नसे, आणि मिनिटाची चार मिनिटं व्हायची.

राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. हडपसरच्या कंपनीतली नोकरी अजून कायम झाली नव्हती. दोनदा उशीर झालेला, आणि "तिसऱ्यांदा झाला तर येऊ नका," असं साहेबांनी बजावलेलं. दोन्ही उशिरांचं खापर मी आप्पांवर फोडलं. रेल्वेला चांगलं दोन पानी पत्र लिहिलं: तिकीटवाला गप्पा मारून गाडी रखडवतो, त्याला काढा. खाली नाव घातलं नाही, 'एक त्रस्त प्रवासी' एवढंच.

आठवड्याभरात वाटेतच माझी सायकल पंक्चर झाली. ती तिथंच टाकून पळत सुटले. लांबून पाहते तर शटल उभी! खिडकीशी एक म्हातारा हातात तिकीट घेऊन कंटाळलेला, आणि आप्पा त्याला विचारतायत, "आन् शेळीचं कितवं वेत म्हनायचं ह्ये?" तोंडात शेळी, डोळे माझ्या वाटेवर. मी डब्यात चढले तशी खिडकी बंद झाली.

वेळेत पोचले, नोकरी वाचली. पण हडपसरपर्यंत मान वर करवेना, इतकी लाज वाटत होती. रोज कुणा ना कुणासाठी त्या म्हशी-सुना निघत होत्या, आणि पत्र तर कधीच पेटीत पडलं होतं.

महिन्यानं, संध्याकाळच्या गाडीतून उतरले तर आप्पांनी हाक मारली. हातात रेल्वेचा कागद, त्याला माझं पत्र टाचलेलं.

"खुलासा मागितलाय. न्हाई दिला तर हॉल्ट दुसऱ्याला देत्यात. तू शिकल्याली हाईस, तेवढं लिवून दे."

तिथंच बाकावर बसले आणि माझ्या एकेका आरोपाला मीच उत्तर लिहायला लागले. आप्पांनी चहा आणून ठेवला, वाकून माझ्या चार ओळी पाहिल्या, मग टाचलेलं पत्र पाहिलं.

"झ्याक लिवतीस," ते म्हणाले. "फकस्त अक्षर तेवढं बदल, पोरी. सायेब दोन्ही कागुद शेजारी ठिवून बघत्याल."