नारिंगी पाणी आणि भरिताची राख

एमएस्सीला असताना मला ठाम वाटायचं की जळगावात शोध लावणं एकदम सोप्पं, कारण भरितासाठी कपाशीच्या काड्या आपण पेटवतोच ना! माझा प्रोजेक्टच तो होता. कपाशीच्या काड्यांच्या कोळशाने पाण्यातलं क्रोमियम काढायचं. विषारी धातू, पण पाण्यात दिसतो कसला सुंदर, नारिंगी! सर म्हणाले होते, सोमवारी काही दिसलं नाही तर हा विषय बंद, साबणाची तपासणी घे. साबण! अख्ख्या वर्गाने घासून झालेला विषय!

मग काय, रविवारी एरंडोलला घरी. शेतात काड्यांवर भरिताची वांगी भाजून झाली आणि कॉलेजला राख न्यायला मी डबा घेऊन विस्तवाशी बसले. आबा, म्हणजे माझे वडील, बघतच राहिले.

"काय शे वं हाई?"

"राख लई जानी शे, आबा. कॉलेजले."

"बठ्ठी डिग्री राखनीच शे का तुनी?" म्हणजे माझी सगळी डिग्री राखेचीच!

सोमवारी लॅबमध्ये नारिंगी पाण्यात राख टाकली, हलवलं, आणि आईशप्पथ, नारिंगी गायब! पाणी लिंबासारखं पिवळं! माझी लॅबमधली मैत्रीण ओरडली, "अगं, निम्मं क्रोमियम गेलं!" मी पळत जाऊन सरांना घेऊन आले.

सरांनी बाटली हातात घेतली, ॲसिडचे थेंब टाकले. फस्स करून फेस आला, आणि पाणी परत नारिंगी.

"परत आलं, सर..."

"गेलंच कुठे होतं? राख खारी, म्हणजे ॲसिडच्या उलट, त्यात क्रोमियमने नुसते रंगाचे कपडे बदलले. मी कोळसा म्हणालो होतो, तू काड्या पार जाळून आणल्यास."

"म्हणजे साबण?"

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे तुला."

डबा कागदावर उपडा केला. राखेत काळे तुकडे होते, अर्धवट जळलेले, मूठभर निघाले! धुतले, वाळवले, कुटले, त्याच ॲसिड घातलेल्या नारिंगी पाण्यात टाकले आणि दुपारभर बाटली हलवत बसले. हात दुखला की मैत्रीण हलवायची, शिव्या देत.

संध्याकाळी गाळलं तर पाणी अगदी पुसट. सरांनी ॲसिडचा थेंब टाकला. नारिंगी परत आलं नाही! दुसरा टाकला. तरी नाही!

"सर, पुरे ना! विषय माझाच ना?"

"तुझाच गं बाई," सर बाटली उजेडाकडे धरून म्हणाले, "पण थांब, अजून एक टाकू दे."